अ‍ॅन्सेल ट्रेम्बाथ कुठं जन्मला

टॅनर गल्च या घळीतल्या गावात माणसाची ओळख बापावरून सांगत नाहीत, पुरावरून सांगतात. कुणाची गाय कुठल्या झाडाच्या बेचक्यात सापडली, कुणाचा आजा कुणाच्या आजीला पाठंगुळी घेऊन वर चढला आणि उतरताना दोघांचं जमलं, असल्या गोष्टींतून इथली नाती समजून घ्यायची. या सगळ्यांत अ‍ॅन्सेल ट्रेम्बाथची ओळख वरचढ. तो पुरातच जन्मला.

एकोणचाळीस सालच्या पुरानं निम्मं गाव नेलं. उरला तो दगडी हॉल. खाणीतल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी घाम गाळून बांधलेला, ओढ्याच्या अगदी काठाला. पाणी पायरीला लागलं आणि तिथंच अडलं. आत उरलंसुरलं गाव मेंढरांसारखं दाटलेलं आणि भिंतीकडच्या बाकावर लव्हडे ट्रेम्बाथ कळा देत होती. पाणी उतरायला आणि पोरगं रडायला एकच गाठ पडली. सुईण म्हणाली, नाव नोहा ठेव. लव्हडे म्हणाली, नोहाला देवानं आधी सांगून ठेवलं होतं, मला कुण्या मेल्यानं सांगितलं? ज्या माणसानं तिच्या उशाशी कंदील धरला होता त्याचं नाव तिनं पोराला दिलं. त्यावरून पुढं वर्षभर गावात कुजबूज झाली, पण ती निराळी गोष्ट.

तर अशा रीतीनं अ‍ॅन्सेल गावाचा शकुन झाला. त्याला स्वतःला त्यात काही करावं लागलं नाही. मोठा झाल्यावर तो खाणीत उतरला, खाण बंद पडल्यावर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवर कामाला लागला. हिवाळ्यात बर्फ लोटायचं, उन्हाळ्यात रस्त्याखालच्या मोऱ्यांत अडकलेल्या काटक्या-ओंडके उपसायचे. विनीशी लग्न केलं, विनीला पुरलं. लेक खाली सपाटीवरच्या शहरात गेली आणि तिकडचीच झाली. माणूस चारचौघांसारखा. थोडा चिकट, पत्त्यांत चोरटा, कुत्र्यांशी माणसांपेक्षा बरा बोलणारा. पण पुराचा दिवस आला की त्याला दाढी करून त्या बाकावर बसावं लागे. बाया आपली तान्ही पोरं त्याच्या मांडीवर ठेवत. नवं जोडपं त्याच्या खांद्याला हात लावून जाई. शेंदूर तेवढा फासायचा राहिला होता. आणि दरवर्षी जेवणाआधी तो उठून तीच हकीगत सांगे, पाणी कसं पायरीशी अडलं आणि आपण कसे रडलो. मग सगळे पेस्ट्या खात. आत मांस-बटाटा भरलेली, काठ करंजीसारखे मुरडलेली पेस्टी हाताच्या पंजाएवढी असते. एक खाल्ली की माणूस भांडायचं सोडतो.

भोंगा झाला की हॉलकडे पळायचं, हे इथल्या पोराला चालायच्या आधी कळतं. दार अ‍ॅन्सेलनंच उघडायचं, हेही ठरलेलं.

अ‍ॅन्सेलनं सत्तरी ओलांडली आणि त्या सप्टेंबरात डोंगराची वरची धार झाडांसकट जळाली. वीज पडली आणि डोंगर आठवडाभर धुमसत राहिला. गाव वाचलं म्हणून लोकांनी हॉलमध्ये नाच केला. पण वसंतात बर्फ वितळलं तेव्हा ओढा कोळशाच्या पाण्यासारखा काळा आला आणि माशांना राखेची चव लागली. धारेकडे बघितलं की जळकी खोडं उभीच्या उभी दिसत, मेलेल्या साळिंदराच्या काट्यांसारखी. लोक तिकडे बघेनासे झाले.

मे महिन्यात काउंटीची इंजिनिअर आली. नाओमी फेल्ट्स नावाची, बोलायला हळू. तिनं हॉलमध्ये सभा घेतली. दोन ताटल्या मांडल्या, एकीत गावातली माती, दुसरीत धारेवरची जळकी. दोन्हींवर तांब्यातलं पाणी ओतलं. गावातल्या मातीनं पाणी पिऊन टाकलं. जळकीवर पाणी अळूच्या पानावर पळावं तसं पळालं आणि ताटलीबाहेर सांडलं. ती म्हणाली, आता डोंगर पाणी धरणार नाही. गावात थेंब नसला तरी वर एक सर पुरे. भोंगा झाला की गाड्या सोडा, हॉल सोडा, सरळ टेकाडावर चढा.

हॉल सोडा म्हटल्यावर खुर्च्या करकरल्या. सगळ्यांनी अ‍ॅन्सेलकडे बघितलं. तो उठला. बाईमाणसाचा अपमान होईल असं काही तो बोलला नाही. एवढंच म्हणाला की तुमची ताटली चांगली आहे, पण मी या घरात जन्मलो आणि त्या रात्री इथं सगळी कोरडी होती. टाळ्या पडल्या. लाइल हॉस्किन तर बाकावर उभा राहिला. हा लाइल म्हणजे अ‍ॅन्सेलचा पत्त्यांतला भिडू, ट्रकवर बायकोपेक्षा जास्त माया करणारा गडी.

नाओमी बाई चिडली नाही. तिनं विचारलं, त्या वेळी हॉलच्या वरच्या अंगाला काय होतं? ओपल रासमुसेन म्हणाली, गिरणी होती, खाणीतले धोंडे कुटायची, चांगली बैलाच्या छातीसारखी भिंत होती तिची. ओपल ऐंशीची. पुराच्या रात्री आठ वर्षांची पोर होती आणि सुईणीची परात धरून उभी होती. त्या रात्रीची जिती साक्ष ती एकटीच उरलेली. बाईनं विचारलं, मग ती गिरणी आता कुठे आहे? लोक हसले. कुणीतरी हॉलच्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट केलं. पडक्या गिरणीचे दगड आणून ते स्वयंपाकघर बांधलं होतं, आणि ते दगड ट्रकवर वाहिले होते अ‍ॅन्सेलनंच. बाई त्या भिंतीकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिनं ताटल्या उचलल्या. गावाला वाटलं, हरली.

जुलैतल्या एका दुपारी ढग येऊन धारेवर बसला. सरकेना. गावात ऊन होतं. अंगणात चार टपोरे थेंब पडले, धुळीत खड्डे करून वाळले. पण धारेवर ढगाचं पोट काळंनिळं झालं होतं आणि त्याच्यातून खाली दोरखंडासारखं काहीतरी लोंबत होतं. कुत्री घराखाली शिरली. मार्ला क्विंटानानं भोंगा केला. मार्ला गावच्या बंबाची मुख्य, अ‍ॅन्सेलला काका म्हणणारी, हाताखाली चार हौशी गडी. अ‍ॅन्सेलनं हॉल उघडला. माणसं आली, कुणी पेस्ट्यांचा डबा घेऊन, कुणी विणकाम, कुणी मांजर. ओपलनं कॉफीचं भांडं चढवलं. लाइलनं पत्ते पिसले. कुणाच्या तोंडावर भीती नव्हती. जत्रेला आल्यासारखी आली होती.

कॉफीचा चोथा टाकायला अ‍ॅन्सेल मागच्या दारानं बाहेर गेला. ओढा दुथडी होता. पाणी कसलं, काळी पेज. तिच्यातून जळकी लाकडं येत होती आणि दगड तळाशी एकमेकांवर आपटत होते, ते पायाच्या तळव्यांना कळत होतं. तो बघत असताना पेज उतरायला लागली. हळूहळू नाही, कुणी खालून बूच काढल्यासारखी. काठचे धोंडे उघडे पडले. मग मधले. एक मासा चिखलात तडफडायला लागला. दगडांचा आवाज थांबला आणि इतकी शांतता झाली की आतला पत्ते वाटण्याचा आवाज बाहेर यायला लागला.

लाइल दारात येऊन उभा राहिला. त्यानं आत ओरडून सांगितलं, पाणी गेलं. आत टाळ्या पडल्या.

मोऱ्या साफ करणाऱ्याला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. पाऊस चालू असताना मोरीचं खालचं तोंड कोरडं पडलं तर त्यात वाकून बघायचं नाही. पाणी गेलेलं नसतं. वर कुठंतरी तुंबलेलं असतं, ओंडक्यांच्या बुचामागं, आणि बूच कधी सुटेल ते सांगता येत नाही. अ‍ॅन्सेलच्या हाताखालच्या एका गड्यानं वाकून बघितलं होतं. त्याची टोपी सापडली. सगळी घळ हीच आता एक मोरी आहे आणि आपण तिच्या खालच्या तोंडाशी कॉफी पीत बसलोय, हे अ‍ॅन्सेलच्या टाळक्यात शिरलं. तोल सावरायला त्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर हात टेकला. हाताखाली गिरणीचा दगड होता. त्या रात्री पाणी पायरीशी का अडलं, हे त्याला बहात्तराव्या वर्षी उमगलं. पाण्याचा पहिला तडाखा गिरणीनं छातीवर घेतला होता. ती छाती फोडून त्यानंच हितं चूल मांडली होती.

आत जाऊन तो म्हणाला, सगळ्यांनी वर चला, आत्ता. कुणी हललं नाही. मार्लानं नीट समजावलं की वर विजा पडतायत, म्हातारी माणसं आहेत, टेकाड उघडं आहे, आणि पाणी तर उतरलंय. तिचं चूक नव्हतं. वरच्या घाटात पाण्यावर नजर ठेवायला बसवलेल्या गड्याला ती मघापासून रेडिओवर बोलावत होती आणि नुसती खरखर येत होती, तेवढं मात्र ती बोलली नाही. अ‍ॅन्सेलनं मोरीची गोष्ट सांगितली, गिरणीची सांगितली. लाइल म्हणाला, म्हाताऱ्याला उन्हाचा त्रास झालाय, पाणी पाजा. लोक हसले. दरवर्षीची हकीगत त्यांच्या हाडात मुरली होती आणि ती मुरवणारा हाच होता. ती हकीगत तिथं असेपर्यंत गाव हलणार नाही, हे त्याला कळून चुकलं.

तो आपल्या बाकापाशी गेला, पण बसला नाही.

"मी हितं जन्मलोच न्हाई," तो म्हणाला.

कुणाला वाटलं चेष्टा आहे.

"आईनं खोटं सांगितलं. त्या रात्री हॉलवर कुणाचाच भरवसा नव्हता. सगळी वर व्हती, जुन्या खाणीच्या तोंडाशी. मी तितं जन्मलो, उघड्यावर, पावसात, जित्रापागत. पाणी उतरल्यावर खाली आली आन् कोरडी जागा एवढीच, म्हणून हितं टेकली. उघड्यावर बाळंत झाले म्हणायची तिला लाज वाटायची. तिनं घडवलेलं मी सांगत ऱ्हायलो."

पत्ते थांबले. मग एकेक मान ओपलकडे वळली. तिनंच परात धरली होती. सत्तर वर्षं तिनंही तीच गोष्ट सांगितली होती, अ‍ॅन्सेलच्या पाठोपाठ, परातीतलं पाणी किती कढत होतं ते सांगून. ओपल अ‍ॅन्सेलकडे बघत राहिली. तो काय करतोय हे तिला कळायला वेळ लागला नाही, पण त्यात सामील व्हायचं का, हे ठरवायला लागला. तिनं कॉफीखालचा जाळ बंद केला.

"खरंय त्येचं," ती म्हणाली. "लव्हडेनं आम्हा सगळ्यांची तोंडं शिवली व्हती. आता मला कुनीतरी उचला. माझ्या गुडघ्यांनी कवाच राजीनामा दिलाय."

मार्लाचा चेहरा थोबाडीत खाल्ल्यासारखा झाला. पण ती बंबाची बाई होती. तिनं दार उघडलं आणि दोन गड्यांना ओपलची खुर्ची उचलायला लावली. माणसं उठली. घाबरून कमी, चिडून जास्त. एक बाई अ‍ॅन्सेलच्या अंगावरून जाताना थुंकल्यासारखं करून गेली. लाइल हातातले पत्ते तसेच धरून बसला होता.

"आमची पोरं ठेवली रे तुझ्या मांडीवर," तो म्हणाला. "माझी दोन्ही ठेवली."

"लाइल, वर चल."

"हॉल म्हंजी मग नुसता गोठाच की. मी ट्रक काढतो. खाली जातो, डॉरीकडं." डॉरी त्याची बायको, घळीच्या तोंडाशी उंचवट्यावरच्या दुकानात कामाला होती.

"ट्रक नको. तुला हात जोडतो. वर चल."

"तुझं काय म्हणून ऐकायचं आता?" लाइल म्हणाला आणि निघून गेला.

ऐकण्याचं कारण अ‍ॅन्सेलनंच मघाशी फेकून दिलं होतं.

टेकाडावर गवत निसरडं होतं. माणसं एकमेकांना ओढत, शिव्या देत चढली. खाणीच्या तोंडाशी पोचून वळली तेव्हा आधी धूळ दिसली. पाण्याला धूळ असते हे कुणाला ठाऊक नव्हतं. मग ओंडक्यांची भिंत आली, जळकी खोडं त्यात उभी, माणसं चालत आल्यासारखी, आणि पाणी त्यांच्या मागून. हॉलचं स्वयंपाकघर आधी गेलं. गिरणीचे दगड पुन्हा ओढ्यात पडले. मग हॉल जरा वाकला, म्हातारा खुर्चीतून उठताना वाकतो तसा, आणि उठलाच नाही. खालच्या वळणावर लाइलच्या ट्रकचे मागचे लाल दिवे लागलेले सगळ्यांनी पाहिले. त्यानं ब्रेक दाबला होता. समोरून रस्ता गेला असणार. मग दिवे दिसेनासे झाले.

कुणी रडलं नाही. वारं पाण्याचा वास आणत होतं, ओल्या राखेचा आणि फुटलेल्या पाइनच्या चिकाचा. खुर्चीत बसवलेल्या ओपलनं अ‍ॅन्सेलला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, तुझ्या आयनं माझा हात इतका दाबला व्हता त्या बाकावर, नखं उठली व्हती. अ‍ॅन्सेल म्हणाला, ठाऊक आहे. ती म्हणाली, आता मरेतोवर खोटं बोलायचं आलं. तो म्हणाला, तू आधी मरशील. ओपल म्हणाली, तेच म्हणतेय, मग तू एकटा.

तिनं शब्द खरा केला. थंडीत गेली.

लाइल खाली सपाटीवर, बिटाच्या शेतात सापडला. माणसं अ‍ॅन्सेलशी बोलत, पण तोंडाकडे न बघता. ज्यानं वाचवलं त्याच्यावर राग धरणं अवघड असतं, आणि ज्यानं जन्मभर फसवलं त्याचे उपकार मानणं त्याहून अवघड. दोन्ही एकाच माणसावर करायचं तर लोक टाळणंच पसंत करतात. त्याची पत्त्यांची सवय सुटली.

वसंतात डॉरी हॉस्किन त्याच्या दाराशी आली. आत बसली नाही. तिनं एवढंच विचारलं की तू वर जन्मलास हे खरं का? लोक म्हणतात, लाइल थांबला असता, वर गेला असता, तर जगला असता. चिडून गेला, खुळा होता. तिला ते खुळा म्हणणं सोसत नव्हतं. हॉल खोटाच असेल तर हॉलवरचा भरवसा उडून माणूस निघून जातो, यात खुळेपणा कसला? पण अ‍ॅन्सेलनं त्या दिवशी घडवून सांगितलं असेल तर तिचा नवरा एका थापेवर मेला. तिला जाणून घ्यायचं होतं.

अ‍ॅन्सेल म्हणाला, वर जन्मलो.

"दाखव मग," डॉरी म्हणाली.

तो तिला टेकाडावर घेऊन गेला. खाणीच्या तोंडाशी एक सपाट खडक होता, बाई आडवी होईल एवढा. त्याच्यावर हात ठेवून तो म्हणाला, हितं. डॉरी खडकावर बसली आणि त्या दिवसापासून पहिल्यांदा रडली. तो बाजूला उभा राहिला, टोपी काढून. खोट्याला आता जागाही मिळाली.

डॉरीनं गावात सांगितलं. मग लोक खडक बघायला येऊ लागले. कुणी फुलं ठेवली. मार्लानं पायवाट केली, झाडांना पिवळे पट्टे मारले, भोंग्याची तालीम घेतली आणि सगळं गाव विनातक्रार खडकापाशी येऊन उभं राहिलं. पुढल्या पुराच्या दिवशी जेवण वरच ठेवलं. चादरी अंथरल्या, पेस्ट्या वाटल्या. राग ओसरला होता. त्याच्यापेक्षा त्याच्या जन्माची जागा लोकांना हवी होती, आणि ती त्यानं दिली होती.

नाओमी फेल्ट्सलाही बोलावलं होतं. लोक तिचा हात हातात घेऊन माफी मागत होते. ती हसत होती, पण मधेच खडकाच्या मागं वर बघत उभी राहिली. खडकाच्या डोक्यावरचा उतारही जळकाच होता. त्यात एक भेग गेली होती, आडवी, अंगरख्याची शिवण उसवावी तशी. तिनं अ‍ॅन्सेलला बाजूला घेऊन विचारलं की ही जागा कुणी ठरवली? इथं पाणी नाही येणार, पण हा उतार भिजला तर सगळाच्या सगळा खाली बसेल. लोकांना त्या डावीकडच्या सोंडेवर नेलं पाहिजे, तिथं पक्का खडक आहे. तुमचं ऐकतील, ती म्हणाली.

अ‍ॅन्सेलनं सांगून बघितलं. सोंडेवर जाऊ, तिकडं वारं चांगलंय, तिकडून घळ दिसते. मार्ला म्हणाली, पुढल्या वर्षी बघू काका, आता चादरी अंथरल्यात. त्यानं उताराकडे बोट करून भेग दाखवली. काहींनी बघितलं. डॉरी खडकाला टेकून बसली होती, लाइलच्या दोन्ही पोरांच्या मधे.

"तुझ्या आयनं हितंच सोसलं ना?" ती शांतपणे म्हणाली. "आन् काय झालं तिला? मी हितनं हलणार न्हाई, अ‍ॅन्सेल."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. काय सांगितलं की ही माणसं उठतील, ते त्याला माहीत होतं. एकदा उठवली होती. वाक्यही तेच होतं, मी हितं जन्मलोच न्हाई, आणि या खेपेला ते खरं होतं. त्यानं डॉरीकडे बघितलं. मग तिच्या पोरांकडे, ज्यांच्या बापाला त्या वाक्यानं ट्रककडे धाडलं होतं. ते वाक्य न बोलता त्यानं चादरीवर बसून घेतलं.

धारेवर एक ढग आला होता, लहान, पांढरा. वरून एक मुठीएवढा दगड गडगडत आला आणि चादरीच्या कडेला थांबला. कुणीतरी तो पायानं बाजूला सारला आणि अ‍ॅन्सेलच्या हातात पेस्टी दिली.